टॉप मॉडेलचा कौल

"क्लच कुठाय?" आबांनी विचारलं.

कोल्हापुरातल्या त्या शोरूमच्या मागच्या आवारात, कोऱ्या जीपच्या ड्रायव्हर सीटवर बसून ते पायाखाली वाकून बघत होते. सेल्समन खिडकीत वाकला. कुलदीप नाव त्याचं. गोड बोलण्याचाच पगार घ्यायचा तो.

"काका, हीच तर गंमत आहे. टॉप मॉडेल ऑटोमॅटिक. क्लच नाहीच. डाव्या पायाला कायमची सुट्टी."

"त्यानं आधीच घेतलीया," आबा म्हणाले.

मी मागच्या सीटवर होते. माझा भाऊ नरसू बाहेर हाताची घडी घालून उभा होता, लग्नात रुसलेल्या मामासारखा. त्याला ही गाडी मुळीच नको होती. म्हणजे जीप हवी होती, पण ही नको, पलीकडे उभी होती ती, साधं मॉडेल. लोखंडी चाकं, वर ताडपत्रीचं छत, मागं समोरासमोर दोन बाकं, आणि हाताचा गिअर. कंपनीनं तिला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण आमच्या आजरा भागात असल्या कुठल्याही गाडीला जीपच म्हणतात. मधलंही एक मॉडेल होतं. पण त्याला चारी चाकांची ओढ नव्हती, सगळा थाट नुसता वरवरचा. आमच्या काजूच्या बागेचा चढ बघूनच त्यानं मान टाकली असती. म्हणजे राहिली दोनच. एक साधं आणि एक टॉप.

आबांनी गाडी सुरू केली. आवाराला वळसा घालणारा एक रस्ता होता, कडेला प्लास्टिकचे लाल शंकू मांडलेले. आबांचा उजवा पाय अलगद दाबला गेला आणि जीप लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मी आरशात त्यांचा चेहरा बघत होते. दीड वर्षात तो चेहरा मी पाहिला नव्हता. गालावरची कातडी ताठ झाली होती आणि ओठ शीळ घालायच्या बेतात होते.

आबा म्हणजे रवळू गावडे, वडापवाला. एसटीची वाट बघत बसलेल्या माणसांना जीपमध्ये कोंबून आजऱ्याला पोचवायचं, त्याला आमच्याकडे वडाप म्हणतात. आबांनी उभी हयात तेच केलं. आमची कातळवाडी ते आजरा, मधे एक अवघड घाट. बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले, परीक्षेची पोरं नेली, आणि कधी कुणी वाटेत गेलं तर तेही त्याच जीपमधून परत आणलं. गावात कुणी "रवळूदा, निघालास काय?" म्हटलं की दिवस उजाडला असं आम्ही समजायचो. मग एका सकाळी आबांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय. हात बराचसा परत आला, पाय थोडासा आला. जुनी जीप विकून टाकली, आणि आबा काठी घेऊन सोप्यात बसले. माणसं यायची, चहा घ्यायची, जायची. "निघालास काय" असं विचारायचं मात्र सगळ्यांनी बंद केलं. आबांना तेच जास्त लागलं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सहज म्हटलं, "ऑटोमॅटिक गाडी असेल तर काका चालवूही शकतील." बाई बोलून गेल्या. आबांनी मात्र ते वाक्य देव्हाऱ्यात ठेवावं तसं जपून ठेवलं.

आवाराच्या वळणावर काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. डाव्या बाजूचे दोन शंकू आडवे झाले होते. आबांनी ब्रेक लावला.

"काय झालं?"

"काही नाही काका," कुलदीप धावत आला. "गाडी रुंद आहे जरा. पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं."

"रस्त्यातल्या म्हशीसारखं मधेच उभं केलंय जणू," आबा म्हणाले, आणि कुलदीप पोट धरून हसला. मीही हसले. उतरताना आबांनी दरवाज्यावर थाप मारली, जुन्या जीपला मारायचे तशी. "हीच. चिमीला शाळेला मीच सोडणार हिच्यातनं."

चिमी म्हणजे नरसूची लेक. आजऱ्याच्या शाळेत तिचं नाव घातलं होतं. नरसू खिशातून रुमाल काढून मान पुसत राहिला.

परतीच्या एसटीत वादाला तोंड फुटलं. आबा खिडकीशी डोळे मिटून बसले होते. मी नि नरसू मागच्या बाकावर.

"वैजू, तुला काय हाय, तू गडहिंग्लजला कचेरीत बसतीस," तो दबल्या आवाजात म्हणाला. "बागेतनं काजूची पोती कोण आणणार? त्या टॉप मॉडेलच्या मऊ गाद्यांवर पोती टाकू? दोघींच्या किमतीतल्या फरकात चार म्हशी येत्यात."

"म्हशी म्हशी करू नकोस. आबांना गाडी चालवायची आहे. एवढंच आहे."

"मला म्हाईत न्हाई व्हय?"

"मग?"

"मग काय. भ्या वाटतंय मला."

"कसलं?"

त्याला ते सांगता येईना. "उगंच वाटतंय," म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला तेव्हा वाटलं, चिक्कूपणाला भीतीचं नाव दिलंय. आमचा नरसू लहानपणी गोट्यासुद्धा मोजून उसन्या द्यायचा.

घरी आठ दिवस तेच चाललं. आईनं तर हातच टेकले. तिचं नि आबांचं आधीच वेगळं भांडण चालू होतं. आबा जेवायला बसले की म्हणायचे, "खर्डा वाढला न्हाईस." आई म्हणायची, "ताटात हाय की! डोळं फुटलं काय?" मग आबा ताट फिरवून बघायचे, खर्डा सापडायचा, आणि ते गप्प व्हायचे. आईला वाटायचं मुद्दाम छळतायत. "हातपाय गेलं की माणूस चिडका हुतो," ती मला बाजूला घेऊन सांगायची. "घेऊन टाका ती गाडी. निदान दिवसातनं दोन तास घराभाईर जातील."

शेवटी आबांनीच तोड काढली. "रवळनाथाला विचारू. तो सांगंल ती गाडी."

आमच्या गावात विहीर कुठं खणायची, लेक कुठं द्यायची, बैल घ्यायचा का ट्रॅक्टर, सगळं रवळनाथाला विचारून होतं. आमच्या आजोबांनी नवस बोलून आबांना त्या देवाचंच नाव दिलेलं. त्यामुळे देव आपल्याला नाही म्हणणार नाही अशी आबांना आतून खात्री होती. नरसूलाही तक्रार करायला जागा उरली नाही. देवाच्या निकालावर अपील नसतं.

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. आबा, आई, नरसू आणि मी. सातूआप्पा गुरव ओल्या धोतरानं गाभाऱ्यात वाट बघत होता. वय झालेला, हाडाचा सापळा, पण गाऱ्हाणं घालायला लागला की आवाज देवळाबाहेरच्या वडापर्यंत जायचा.

इथं आमच्या गावची रीत सांगायला हवी. रवळनाथाची मूर्ती काळ्या पाषाणाची, पुरुषभर उंचीची. गुरव तगरीच्या दोन पांढऱ्या कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन्ही खांद्यांना लावतो. विचारणारा उंबऱ्याला लागून उभा राहतो. देवाचा उजवा खांदा म्हणजे आपल्या डाव्या हाताला येतो, त्यावरची कळी आधी पडली तर होकार. डाव्या खांद्यावरची आधी पडली तर नकार. आणि कळी पडली की विचारणाऱ्यानंच ती आधी बघायची नि बोलायचं. तो बोलेपर्यंत गुरवानं, घरच्यांनी, कुणीही तोंड उघडायचं नाही. ज्याचा प्रश्न, त्याचे डोळे, असं आमच्याकडे म्हणतात.

सातूआप्पानं कळ्या लावल्या आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, तुझ्या नावाचा हा रवळू गावडे तुझ्या दारात उभा हाय. त्याच्या घरात जीप घ्यायची ठरलीया. ती बिनक्लचची, मोठी, ती घ्यावी म्हणतोय. त्यात त्याचं, त्याच्या लेकराबाळांचं बरं हुणार असंल तर उजवा दे. नसंल तर डावा दे. हो म्हण, नको म्हण, पण गप राहू नको."

मग सगळं शांत झालं. आबांनी काठी भिंतीला टेकवली होती. दोन्ही हात जोडून, नजर देवाच्या तोंडावर लावून ते उभे होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला, नरसू उजवीकडे, आई मागं. समईची वात तडतडत होती.

थोड्या वेळानं उजव्या खांद्यावरची कळी हलली, सरकली आणि पाषाणावरून घसरत खाली पायाशी पडली. अगदी माझ्या समोर.

मला ओरडावंसं वाटलं. होकार! टॉप मॉडेल! मी ओठ आवळून धरले आणि आबांकडे पाहिलं. आता ते "पावलास रं बाबा" म्हणणार, डोळ्यांना पाणी येणार, आई नारळ फोडणार.

आबा हलले नाहीत.

हात तसेच जोडलेले, नजर तशीच. मला वाटलं भरून आलंय त्यांना. मग त्यांचे ओठ हलले. "दे की," ते हळूच म्हणाले. "दे काय ते. एवढा येळ लावू नको."

मी सातूआप्पाकडे पाहिलं. त्यानं खाली पडलेल्या कळीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. बोलायची त्याला मुभा नव्हती. मागं आईच्या बांगड्या वाजल्या नि थांबल्या.

"रुसलास काय?" आबा देवाला म्हणाले. "मी काय वाईट मागतोय? दोन येळा आजऱ्याला जाऊन येईन. पोरीला शाळेला सोडीन. माणसात राहीन. त्या सोप्यात बसून बसून जीव गेला माझा देवा. दे."

कळी त्यांच्यापासून दोन हातांवर पडली होती. काळ्या फरशीवर पांढरीशुभ्र. आंधळ्यालाही दिसावी अशी.

आणि मग दुसरी कळी पडली. डाव्या खांद्यावरची. ती पडताक्षणी आबांनी पाहिली. त्यांचे जोडलेले हात खाली आले.

"डावा," ते म्हणाले. "डावा दिलास."

रीत संपली होती. आता कुणीही बोलू शकत होतं. मला सगळं कळत होतं आणि काहीच कळत नव्हतं. खर्डा ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात. ते शंकू गाडीच्या डाव्या बाजूला होते.

एक विचार मात्र लख्ख आला, की गप्प बसावं. आबांनी नकार पाहिला, मान्य केला. साधं मॉडेल येईल, आबा चालवणार नाहीत, कुणाला काही होणार नाही, आणि त्यांना कधी कळणारही नाही. मी आईकडे पाहिलं. तिच्याही डोळ्यांत तेच होतं. सातूआप्पानं तर मान फिरवली.

"चला," आबा म्हणाले. त्यांनी काठीसाठी हात पुढे केला. "देवाच्या मनात न्हाई. नरसू, तुझीच घेऊ."

"आबा," नरसू म्हणाला.

मी त्याला डोळ्यांनी गप्प करायला बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

"आबा, उजवा आधी पडला."

"काय?"

"उजवा आधी पडला. देवानं हो म्हटलंय. लई येळ झाला पडून."

"कुठाय?"

"तिथं. वैजूच्या म्होरं."

आबांनी बघितलं. त्यांची नजर फरशीवर फिरली आणि मधेच कुठंतरी थांबली, भिंत लागावी तशी. "न्हाई की."

"आणखी इकडं, आबा," मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी मान वळवली, पार खांद्यापर्यंत. आधी त्यांना मी दिसले. ते दचकले. म्हणजे एवढा वेळ मी त्यांच्या शेजारी उभी होते, आणि त्यांच्या लेखी तिथं कुणी नव्हतंच. मग त्यांनी खाली पाहिलं, आणि कळी दिसली.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान परत सरळ केली, देवाकडे. पुन्हा डावीकडे वळवली. पुन्हा सरळ. लहान मूल दिव्याचं बटण चालू-बंद करून बघतं तसं त्यांनी दोन-तीनदा केलं.

"सरळ बघितलं की जातीया," ते म्हणाले. "तिकडचं सगळंच जातंय." आणि जरा वेळानं, "कधीपासनं जातंय?"

आईच्या तोंडून हुंदका फुटला. "आणि मी म्हणायची डोळं फुटलं काय तुमचं! आगं आई गं, माझी जीभ झडली न्हाई कशी!"

"गप गं," आबा म्हणाले. "मलाच म्हाईत न्हवतं, तुला काय म्हाईत असणार."

सातूआप्पानं वाकून पहिली कळी उचलली आणि आबांच्या उजव्या हातात दिली. "रवळूदा, कौल उजवाच हाय. पहिला पडंल तो खरा. देव हो म्हणालाय."

आबांनी कळी मुठीत धरली. देवळाच्या पायरीवर ते बसले, बराच वेळ. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, आपण होऊनच.

"वैजू," ते म्हणाले, "चिमी गाडीत कुठल्या बाजूला बसणार हुती?"

ड्रायव्हरच्या डाव्या हाताला दुसरं कोण बसतं? आणि रस्त्याच्या डाव्या कडेनंच तर माणसं चालतात, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, शाळेची पोरं. आबांना मी सांगायची गरज नव्हती. उभ्या हयातीत त्यांच्या जीपचा कुणाला धक्का लागला नव्हता, ते काय फुकट?

त्या आठवड्यात गडहिंग्लजच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्रात डोकं ठेवायला लावलं, दिवे दाखवले. डोळे चांगले आहेत, म्हणाले. पण त्या झटक्यात मेंदूचा जो भाग गेला, तो डावीकडचं बघायचा. दोन्ही डोळ्यांचं डावं अर्धं जग गेलंय. असं झालेल्या माणसाला बऱ्याचदा स्वतःला कळतच नाही, मेंदू उरलेल्या अर्ध्यालाच पुरं समजतो. परत येईल का, असं मी विचारलं. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत.

घरी आल्यावर नवंच महाभारत. आता नरसू म्हणायला लागला की टॉप मॉडेलच घ्यायचं.

"देवानं उजवा दिलाय," तो म्हणाला. "मी चालवीन की ऑटोमॅटिक. आबांना बसायला तरी मऊ हुईल."

"आणि तुझ्या म्हशी?" मी विचारलं.

"मरू देत म्हशी."

मी त्याच्याकडे बघत राहिले. एसटीतली त्याची भीती मला आता दिसली. चिमीला आबांच्या गाडीत बसवायचं म्हटल्यावर तो मनातून घाबरला होता, आणि बापाला तसं तोंडावर सांगायची त्याची छाती नव्हती. आणि त्याच माणसानं देवळात, स्वतःचं घोडं आयतं गंगेत न्हात असताना, बापाला खरं सांगितलं. मी त्याला चिक्कू म्हणत होते. कधीकधी आपलीच माणसं ओळखायला आपल्याला जन्म कमी पडतो.

आईचंही तेच. "कौल मोडू नका," ती म्हणाली. "आजवर या घरात कुणी मोडला न्हाई."

"कौल मोडत न्हाई मी," आबा म्हणाले. "देवाला इचारलं, ही गाडी घेऊ का. तो म्हणाला घे. बरोबरच हाय, गाडी चांगलीच हाय ती. पण मी इचारायचंच चुकलो. मला दिसतंय का, असं इचारायला पायजे हुतं. ते मी इचारलं न्हाई, तरी त्यानं दाखवलं." मग म्हणाले, "कोल्हापूरला जाऊ. काय घ्यायचं ते तिथं सांगतो."

आम्ही गेलो. कुलदीपनं कागद तयारच ठेवले होते. टॉप मॉडेल, लाल रंग, वरून काहीबाही फुकट.

"साधं दाखवा," आबा म्हणाले.

कुलदीपचं हसू जागच्या जागी थिजलं. "काका, पण तुम्ही तर..."

"हिला क्लच हाय न्हवं?"

"आहे. जरा कडकच आहे. पण काका, तुमच्या डाव्या पायानं तो दबणार नाही. मग तुम्हाला चालवता कशी येणार?"

"मग हीच द्या."

नरसू पुढे झाला. "आबा, हट्ट करू नका. मी चालवणार हाय, म्हटलं न्हवं? तुमच्यासाठी घेतोय आम्ही."

आबांनी मान वळवली. आता ते मुद्दाम वळवायला शिकले होते. नरसू त्यांच्या डावीकडे उभा होता.

"नरसू, उभा जन्म मी ष्टेरिंगला हात लावून काढला. तसली गाडी दारात उभी राहिली, चावी खुंटीला टांगलेली असली, तर आज मी हात लावणार न्हाई. उद्याबी न्हाई लावणार. पण एक दिवस तू बागेत असशील, वैजू तिच्या घरी असंल, आणि चिमीला शाळेला उशीर झाला असंल. ती म्हणंल, आज्जा, चल की. त्या दिवशी मी चावी घेणार. मला ठावं हाय मी कसा हाय. म्हणून मला असली गाडी दे, जी मला न्हाई म्हणंल."

शोरूममध्ये गार हवा होती, गाणी लागली होती. नरसू पाठ फिरवून काचेबाहेर बघत राहिला. कुलदीपसुद्धा काही गोड बोलला नाही. त्यानं टॉप मॉडेलचे कागद मिटले आणि दुसरे काढले.

गाडी हातात यायला महिना-दीड महिना गेला. त्या दिवशी आईसुद्धा आली होती. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. शोरूमचा रिवाज म्हणून फोटोवाला आला.

"मालक कोण? काका? बसा काका ड्रायव्हर सीटवर, फोटो काढू."

आम्ही तिघं एकदम पुढे सरसावलो, काहीतरी सबब सांगायला. पण आबांनी काठी माझ्या हातात दिली, दांडा धरला आणि वर चढून बसले. फोटो निघाला. फोटोवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला तरी आबा उतरेनात. त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. गिअरची मूठ कुरवाळली. मग उजव्या हातानं डाव्या मांडीखाली धरून तो पाय उचलला आणि क्लचवर ठेवला.

मी दारापाशीच उभी होते. त्यांनी जोर लावला. मानेच्या शिरा टरारल्या. क्लच थोडा आत गेला आणि परत वर आला. त्यांनी पुन्हा दाबला, दातओठ खाऊन. पुन्हा वर आला. तिसऱ्यांदा दाबताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि माझ्याही. मला वाटलं, जावा, एकदा तरी जावा पूर्ण खाली. तो गेला नाही.

आबांनी पाय काढून घेतला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"बरोबर मॉडेल घेतलं," ते मला म्हणाले, आणि उतरून, बॉनेटला हात लावत लावत, पलीकडच्या दाराकडे गेले.